मंगळवारचं सगळं पुन्हा

मंगळवार, २८ ऑक्टोबर २००८

आज मी ‘हो’ म्हणालो. खात्री नव्हती तरी म्हणालो.

लिहून ठेवतो, म्हणजे डोक्यातून जाईल. आमच्या लव्हाल शहराहून दीड तास उत्तरेला, आयरिश रस्ता म्हणतात त्या रस्त्यावर मिसेस हॅकेट यांचं घर. वय एक्क्याऐंशी, एकट्या राहतात. शेजारची जमीन विकली गेली आहे. घेणाऱ्याला तिथे कॉटेजेस बांधायची आहेत, म्हणून दोघांमधली हद्द ठरवून हवी. माझा वरिष्ठ मार्सेल मोजणीच्या यंत्रावर, मी समोर दगडावर प्रिझमची काठी धरायला. ओला बर्फ. हातमोज्यातून पाणी आत. मार्सेल लांबून ओरडतोय — “शार्लो! दगड सापडला का?” (चारुदत्त त्याला म्हणता येत नाही.)

मिसेस हॅकेट शाल घेऊन बाहेर आल्या आणि बोट दाखवलं. “तो बघ. माझे वडील म्हणायचे, हाच.”

होता तिथे दगड. पण त्याच रांगेतले आधीचे चार आम्ही पाहिले होते. सगळे कललेले, एक तर आडवाच झालेला. हा मात्र सरळ उभा. मला ते जरा — पण मार्सेल ओरडत होता. “हो, सापडला!” काठी ठेवली. यंत्राने आकडा घेतला. संपलं.

मग त्यांनी आत बोलावून चहा दिला. मनुका घातलेला ब्रेड, वर लोणी. घराच्या मागे जोडलेलं लाकडी स्वयंपाकघर, वडिलांनी स्वतः बांधलेलं. माझे ओले मोजे त्यांनी शेगडीवर वाळत घातले! नको नको म्हणत असताना. खिडकीच्या फळीवर पाच शिंपले, शिवणाचं एक अंगुस्तान, तपकिरी भांड्याचा फुटका तुकडा, एक सुकलेलं लिंबू. मला वस्तू मोजायची सवय आहे.

घरी आलो तर ताईने पणत्या लावलेल्या. लक्ष्मीपूजन! विसरलोच होतो.

बुधवार, २९ ऑक्टोबर

थेरेज बाईंनी केबिनमध्ये बोलावलं. वाटलं, दगडाचं कळलं!

तसं काही नव्हतं. ऑफिस त्यांचं, सही त्यांची चालते. त्यांनी कपाटातून खोका काढला. अकरा वह्या, चामड्याच्या पुठ्ठ्याच्या. डेनिस क्विग्ली नावाचा आयरिश माणूस, पावणेदोनशे वर्षांपूर्वी इकडे आला. जमिनी मोजायचा, इमारती बांधायचा. इथे सर्व्हेयरने काम सोडलं की त्याची दप्तरं पुढच्या सर्व्हेयरकडे जातात. अशी हातोहात येत येत या कपाटात पोचली. कुठल्या वहीत कुठलं गाव, ते आता कुणालाच माहीत नाही.

“आमच्या फ्रेंच लोकांना त्याचं इंग्रजी वाचवत नाही, आणि इंग्रजीवाल्यांना त्याचं अक्षर. तुझं अक्षर चांगलं आहे, म्हणून तुला वाचता येईल. सगळं टाइप कर, प्रत्येक पान स्कॅन कर.”

तर्क कळला नाही, पण आनंद झाला. प्रोबेशन १२ डिसेंबरला संपतं.

गुरुवार, ३० ऑक्टोबर

भाऊबीज. ताईने ओवाळलं. दाजी सोफ्यावरून — “ओवाळून घ्या सर्व्हेयर साहेब! मी दहा वर्षं कोडिंग करतोय, मला कुणी साहेब म्हणत नाही.”

ताई म्हणाली, “उन्मेष, गप्प बस हं. पहिली धड नोकरी आहे त्याची.”

धड. डिप्लोमा दुसऱ्या वर्षाला सोडलेल्या माणसाला हा शब्द बरा वाटतो.

ईशिताने लॅपटॉपमध्ये डोकावून विचारलं, “मामा, व्हाय आर यू डूइंग अ डेड मॅन्स होमवर्क?”

मी पुढचं पान उघडलं.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

पहिली वही संपली. १८२४. कॉर्कहून बोटीने आला, वय बावीस. आल्या आल्या सर्व्हेयर नव्हताच — दुसऱ्याची मोजणीची साखळी ओढायचा. मीही काठीच धरतो. मी सव्विसाचा आहे. तो भरभर पुढे गेलेला दिसतो.

शाळा फारशी नाही. पाद्र्याकडून शब्दकोश मागून आणलेला आणि शेवटच्या पानांवर शब्द पुन:पुन्हा लिहून काढलेले. प्रत्येक शब्द पाच वेळा. आठवीत मी हेच करायचो! ऱ्हस्व-दीर्घासाठी बाईंनी सगळ्यांसमोर उभं केलं होतं, तेव्हापासून.

त्याची साखळी सहासष्ट फुटांची, शंभर कड्यांची. माझ्या वडिलांची, आप्पांची, तेहतीस फुटांची होती. बरोब्बर दुप्पट. कसला तरी फार जुना नातेवाईक भेटल्यासारखं झालं.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

१८२९ — परवाना मिळाला. त्या दिवशीची नोंद फक्त एवढी: “परवाना. पाऊस. साखळी तपासली.”

सोमवार, १० नोव्हेंबर

वही पाचवी. माणूस एकदम आर्किटेक्ट झाला! झालं असं — गावच्या पाद्र्याला चर्च हवं होतं आणि आसपास सरळ रेघ मारू शकणारा हा एकच. आधी बांधलं काय होतं? एक पूल, एक तबेला. छताच्या कैच्या कशा जोडायच्या ते जहाजाच्या सुताराला विचारून आला. “छप्पर म्हणजे उलटं जहाज, असं तो म्हणतो. ठीक.” चर्चचे नकाशे पाहिले. इतक्या बारीक रेघा! खिडक्यांच्या कमानी तीनदा खोडून चौथ्यांदा काढलेल्या.

डोळे दुखतात. चष्म्याचा नंबर बहुतेक वाढला.

बुधवार, १२ नोव्हेंबर

चर्चचा मनोरा दोन वर्षांत तडकला. समितीने काम काढून घेऊन दुसऱ्याला दिलं. तो स्वतःच्या नावापुढे ‘आर्किटेक्ट’ लिहायचा, ते त्या पानापासून बंद. परत नुसता ‘सर्व्हेयर’. तक्रारीचा एक शब्द नाही. मनोऱ्याखालच्या मातीची परीक्षा केली नव्हती, हे मात्र स्वतःच लिहून ठेवलंय. कुणी विचारलं नसताना.

मला हे पान टाइप करायला फार वेळ लागला.

रविवार, १६ नोव्हेंबर

आप्पांना तासगावला फोन. तीस वर्षं मोजणी खात्यात भूकरमापक होते. माझ्या कामातलं घरात त्यांना एकट्याला कळतं. क्विग्लीबद्दल सांगितलं. हद्दीचा दगड रोवताना तो खाली काहीतरी पुरायचा आणि वहीत लिहायचा — बाटलीची काच, विटेचे तुकडे. इथे त्याला साक्षीदार म्हणतात.

आप्पा केवढ्यांदा हसले! “अरे, आम्ही कोळसा घालायचो. लाकूड कुजतं, लोखंड गंजतं, कोळसा हाय तसा राहतो. लोक दगड हलवत्यात, बाबा. खालचं हलवायचं कुणाच्या ध्यानात येत न्हाई.”

मग म्हणाले, “तू परवा सांगितलास तो म्हातारीचा दगड. सरळ होता म्हणालास न्हवं? एवढी वर्षं बर्फ खाऊन सरळ? खाली बघितलंस का?”

मी म्हणालो, आवाज तुटतोय.

आवाज तुटत नव्हता.

सोमवार, १७ नोव्हेंबर

सापडलं. वही सातवी, १८३८. आयरिश रस्त्यावरचे सगळे दगड. सुरुवात त्याच्याच चर्चच्या ईशान्य कोपऱ्यापासून — ज्या इमारतीने नाव घालवलं, तिथूनच मोजायला लागला. चर्च अजून उभं आहे, मनोरा नसलेलं. आम्ही त्याच कोपऱ्यावरून यंत्र लावलं होतं.

पाचवा दगड: “कोपऱ्यापासून ७ साखळ्या ४२ कड्या. खाली तपकिरी सुरईचे तीन तुकडे. तिन्ही एकमेकांना जुळतात.”

सातशे बेचाळीस कड्या म्हणजे १४९.२७ मीटर. मी ज्या दगडावर काठी धरली तो १५१.३८ वर. आधीचे चारही दगड त्याच्या आकड्यांना तंतोतंत बसतात. हा एकटाच दोन मीटर अकरा सेंटिमीटर पलीकडे, शेजाऱ्याच्या बाजूला.

चार वेळा गणित केलं. तेच येतं.

माझ्या दगडाप्रमाणे हद्द म्हातारीच्या स्वयंपाकघराच्या भिंतीबाहेरून जाते. चाळीस सेंटिमीटर राखून. क्विग्लीच्या आकड्याने ती भिंतीच्या आत एक मीटर एकाहत्तर येते. शेगडीच्या मधून.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

नाही सांगितलं.

बुधवार, १९ नोव्हेंबर

आजही नाही. नकाशावर पुढच्या आठवड्यात सही होणार. सातवी वही माझ्याशिवाय कुणी उघडलेली नाही, उघडणारही नाही. टाइप न केलेलं एक पान कोण शोधतंय? मिसेस हॅकेट मरेपर्यंत त्यांच्या शेगडीपाशी बसतील. कॉटेजवाल्याला दोन मीटरने काय फरक पडतो? माझं प्रोबेशन पार पडेल.

जेवताना ताई — “भाजीत मीठ नाही का? नुसता चिवडतोयस.”

मीठ होतं.

गुरुवार, २० नोव्हेंबर

तेच पान उलटलं, मागे हे निघालं. जसं आहे तसं मराठीत उतरवतो:

“संध्याकाळी साखळी तपासली. अर्धी कडी लांब निघाली, ताणली गेली आहे. कधीपासून? सोमवारी बरोबर होती. मंगळवारचं सगळं पुन्हा.”

आणि पुढच्या दिवशी तेच आकडे परत, शेजारी नवीन. दलदलीतून, डासांतून, सगळा रस्ता. बरोबरच्या साखळीवाल्याने काम सोडलं, म्हणून दुसरं टोक पाद्र्याने धरलं! कुणी पकडलं नव्हतं. जंगलात अर्धी कडी कोण बघणार होतं?

त्याच्या मोठेपणाचं मला काही सांगायचं नाही. फक्त, त्याने हे लिहिलं ते मी टाइप केलं. आता मला माहीत नव्हतं असं म्हणता येत नाही.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

सांगितलं.

फ्रेंचमधली वाक्यं कागदावर लिहून नेली होती. दुसऱ्याच वाक्याला अडकलो, मग इंग्रजीत. वही, गणित, सरळ दगड, मी दिलेला ‘हो’ — सगळं. मार्सेललाही बोलावलं. नियमाप्रमाणे दगडाखाली उकरून बघायचं काम त्याचं. तो लाल झाला, इथली शिवी हासडली. “ताबर्नाक! पोरानं सांगितलं सापडला, मी कशाला उकरू?”

थेरेज बाईंनी चष्मा काढून पुसला. “जमीन गोठायला लागली आहे,” एवढंच म्हणाल्या. “मंगळवारी दोघे जा. पहार घेऊन.”

माझ्या प्रोबेशनचा विषय निघाला नाही. चांगलं की वाईट?

रविवार, २३ नोव्हेंबर

आप्पांना खरं सांगितलं. आवाज तुटत नव्हता हेही. ते म्हणाले, “ठाऊक हाय. जेवलास का?”

मंगळवार, २५ नोव्हेंबर

गाडीत मार्सेलने रेडिओचा आवाज वाढवला. हॉकीची कॉमेंट्री लावलेली, तीही कालच्या मॅचची.

आधी माझा दगड. पहारीने उकरला. वरची वीतभर जमीन लोखंडासारखी, खाली मऊ. काही नाही. नुसती माती, एक गांडूळ. मार्सेल दोन फूट खाली गेला, माझ्याकडे न बघता. काही नाही.

मग कोपऱ्यापासून १४९.२७ धरून खूण केली. जागा बरोब्बर स्वयंपाकघराच्या रेषेत, पण मागे, लायलॅकच्या झुडपाजवळ. तिथे दगड नाही. मार्सेलने पहार माझ्या हातात दिली. “तुझा क्विग्ली. तू खण.”

पाऊण तास. कोपरभर खाली पहार कशाला तरी लागली. हातांनी माती काढली. तपकिरी, चकचकीत. एक. मग दुसरा. दोन्ही हातात धरले — जुळले. सुरईचा गळा आणि खांदा. एकशे सत्तर वर्षांनी!

मार्सेल गुडघ्यावर बसला. टोपी काढली. “शार्लो,” म्हणाला, “हा माणूस खोटं बोलत नाही.” शुक्रवारनंतरचं पहिलं धड वाक्य.

तिसरा तुकडा मिळाला नाही. सगळी माती चाळली. मार्सेल म्हणतो मुळांनी ओढून नेला असेल.

म्हणजे साक्षीदार जागेवर आणि दगड मात्र कुणीतरी उचलून दोन मीटर सरकवलेला.

मिसेस हॅकेट सगळा वेळ खिडकीत उभ्या होत्या. बाहेर आल्या नाहीत. चहाला बोलावलं नाही. निघताना मी हात हलवला. त्यांनी पडदा ओढला.

बुधवार, २६ नोव्हेंबर

थेरेज बाईंना विचारलं, स्वयंपाकघराचं काय होणार? त्या म्हणाल्या, “दगड कुठे होता, एवढंच आपण सांगायचं. जमीन कुणाची ते कोर्ट बघेल. इतकी वर्षं उघडपणे वापर आहे, कुणाची हरकत नाही — तिचा वकील तेच म्हणेल, आणि बहुतेक चालेलही. पण दगड हलवला कुणी, आणि हिला ते ठाऊक होतं का, हे विचारलं गेलं तर कठीण.” मग, “तिला ठाऊक होतं असं आपल्याकडे काही आहे का?”

मी नाही म्हणालो. खरंच नव्हतं.

सोमवार, १ डिसेंबर

बसमध्ये मिसेस हॅकेटच्या खिडकीची फळी आठवली.

पाच शिंपले, एक अंगुस्तान, तपकिरी भांड्याचा फुटका तुकडा, एक सुकलेलं लिंबू.

बुधवार, ३ डिसेंबर

हे कुणाला सांगितलेलं नाही. सांगणारही नाही. तपकिरी भांडी जगात पुष्कळ फुटतात. मी जवळून पाहिला नव्हता. हातात घेतला नव्हता. जे मोजलं नाही ते लिहायचं नाही, हा क्विग्लीचाच नियम.

पटत नाही. तरीही.

शुक्रवार, ५ डिसेंबर

अकरावी वही. १८४७. तापाच्या रोग्यांनी भरलेल्या बोटी आयर्लंडहून येत होत्या. त्याला आजाऱ्यांसाठी लाकडी शेड बांधायला बोलावलं. चर्चनंतर बांधकामाला हात लावला तो हाच. शंभर फूट लांब, पंचवीस रुंद. दोन खाटांमध्ये किती जागा सोडायची याचे तीन आराखडे, प्रत्येकात कमी कमी. एका शेडच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात, “कॉर्कची माणसं.” पायाखालची माती सगळीकडे तपासलेली — प्रत्येक शेडची, चार-चार ठिकाणी.

एका पानावर शेवटची ओळ: “चौथ्या शेडच्या दारापासून विहिरीपर्यंत —” आकडा नाही. पुढे चाळीस पानं कोरी.

कोरी पानंही स्कॅन केली. बाईंनी प्रत्येक पान म्हटलं होतं.

ईशिताला रात्रीच्या जेवणाला सांगितलं, होमवर्क संपला. ती म्हणाली, “डिड ही पास?”

दाजी हसले. मी ताटातली भाजी संपवली.

सोमवार, ८ डिसेंबर

मार्सेलने कॉफी आणून दिली. साखर जास्त. प्यायलो.

मंगळवार, ९ डिसेंबर

मिसेस हॅकेट ऑफिसात आल्या. बसने, एवढ्या बर्फातून, एकट्या. थेट माझ्या टेबलाशी. रुमालाची गाठ सोडली, आत तपकिरी तुकडा. “वडिलांनी दगड उकरला तेव्हा बादली मी धरली होती,” म्हणाल्या. “नऊ वर्षांची होते. हा वर आला, तो मी ठेवून घेतला. लिही तुझ्या त्या वहीत.” मी म्हणालो, तुमच्या वकिलाला आधी — त्या म्हणाल्या, “लिही, बाळा.” मी आमचे दोन तुकडे ड्रॉवरमधून काढले. तिसरा त्यांनीच दोन्हींच्या खाचेत बसवला. फट राहिली नाही.